मी गुपचूप सुधारलेले आकडे

पिंपरीच्या बँकेत मी लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील कंपनीत मोल्डिंग खात्यात कामगार, घर संत तुकाराम नगरात. आमच्यात टेबलखुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच. लेजर, म्हणजे खातेवही, कसं लिहायचं हे मला शाखेतल्या सगळ्यात जुन्या क्लार्कनं शिकवलं. मी त्यांना काका म्हणायचे. ते पुनावळ्याचे, शेतकरी घरातले. "आकडा असा लिवायचा, की आपुन नसलो तरी दुसऱ्याला वाचता आला पायजे," म्हणायचे.

पाचसहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की काकांचे आकडे चुकतायत. भरलेली रक्कम काढलेल्याच्या रकान्यात पडायची. कधी शेवटचा आकडाच राहून जायचा. चालताना ते बाजूच्या स्टुलाला धडकायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी धरून चालले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी ते गावच्या बसला निघाले की मी त्यांचं लेजर काढायचे, स्लिपांशी ताडून बघायचे आणि त्यांच्यासारखंच अक्षर काढून चुका दुरुस्त करायचे. दोन वर्षं हे चाललं. कुणाला कळलं नाही. काकांनाही नाही.

मग शाखेत लेजरचं मशीन आलं. युनियनचे लोक चिडलेले होते, पण मशीन बसलंच. ते चालवायचं शिकायला मला पाठवलं. पहिले काही आठवडे हातानंही लिहायचं आणि मशीनवरही घ्यायचं, असं ठरलं. रोज दुपारी हाताच्या लेजरमधल्या शिल्लक रकमा मशीनमध्ये टाकल्या की ते फरकांची यादी छापायचं आणि तो कागद थेट मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर जायचा. मध्ये हात घालायला मला जागाच उरली नाही.

तिसऱ्याच दिवशी साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"एवढ्या चुका माज्या?"

मी हातातल्या स्लिपा खाली ठेवल्या.

"मागं तर कदी फरक निगाला न्हाई. तू दुरुस्त करत हुतीस?"

"हो, काका."

"कदीपास्नं?"

"दोन वर्षं."

ते खुर्चीवर बसले. हळूच म्हणाले, "मला सांगायचंस की गं."

साहेबांनी त्यांना पुण्याला डोळे तपासायला पाठवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर आता परत येणार नाही. दोन वर्षं आधी आला असतात, तर बरीचशी वाचली असती. हे मला काकांनी नाही, त्यांच्या मुलानं सांगितलं, काकांचा राजीनामा द्यायला आला तेव्हा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

शाखेचं काम मात्र झपाट्यानं सुधारलं. पगाराच्या दिवशी कंपन्यांतल्या कामगारांची रांग आधी दारापर्यंत जायची, ती आता काउंटरपाशीच संपायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला मान वर करता आली नाही.

पुनावळ्याला जायचं धाडस व्हायला वर्ष गेलं. काका ओसरीवर बसले होते, नजर समोरच्या रस्त्यावर लावून. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तरी विचारलं, "कोन हाय?"

"मी. बँकेतली."

"ये, बस. मशीन बरं चालतंय का?"

"चालतंय."

"लोकांचा खोळंबा हुत न्हाई न्हवं?"

"नाही, काका."

"मग झालं."

मी माफी मागायला गेले होते. शब्द जुळवूनही नेले होते. पण त्यांनी मुलीच्या सासरचं सांगायला घेतलं, काकूंनी चहा आणला, आणि कप त्यांच्या हातात देताना काकूंनी त्यांची बोटं धरून कपाच्या कानाला लावली. ते बघत मी चहा संपवला, माफी तशीच राहिली. बसची वेळ झाली, म्हणून मी उठले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला आठवड्यानं कळलं.