हँडल काढून दिलेले दान

परोपकाराला ऑइलपेंटचा वास येतो, हे मला त्या खंडेनवमीला कळले. केडगावच्या एका मंगल कार्यालयात व्यासपीठावर जुन्या शिवणयंत्रांची रांग मांडली होती आणि रांगेतले प्रत्येक यंत्र गुलाबी होते. अर्धवट वाळलेल्या रंगाचा तो उग्र दर्प झेंडूच्या हारांनाही पुरून उरला होता. शहरातल्या एका महिला मंडळाने घरोघरची यंत्रे गोळा करून ती पाथर्डीकडच्या गरजू बायकांना देण्याचा संकल्प सोडला होता. गुलाबीच का, तर अध्यक्षीणबाईंच्या मते तो बायकांचा रंग. काळ्या यंत्रात त्यांना म्हणे दारिद्र्य दिसत होते.

त्या रांगेत माझ्या आईची मशीन होती, आणि मला ती ओळखू आली नाही.

आईची हातमशीन काळीभोर होती, अंगावर सोनेरी वेल मिरवणारी. आईचे मनगट जिथे वर्षानुवर्षे घासले, तिथे वेल विरून पोलाद उघडे पडले होते आणि त्याला स्पर्श केला की उन्हाळ्यातही गार लागे. उजवा हात हँडल फिरवायचा, डावा कापड पुढे सारायचा. पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा तिचा बारीक, सलग आवाज माझ्या बालपणाच्या दुपारींवर पसरलेला असे. आता आईची बोटे सांध्यांत सुजतात. ‘कुणाच्या तरी हातात फिरू दे,’ एवढेच म्हणून तिने ती देऊन टाकली.

मशीन न्यायला आलेल्या मंडळाच्या बायकांनी आमच्या दिवाणखान्यातच तिचे हँडल काढले. “आता कोण हो हाताने फिरवतं? आम्ही पायाचा स्टँड बसवून देणार. दान कसं, दिसायला हवं!” हँडल आणि मशीनची लाकडी बैठक आमच्या टेबलावर टाकून त्या गेल्या. मासा खाऊन काटे ताटात ठेवावेत तसे.

समारंभात देणारे खुर्च्यांवर बसले होते, घेणाऱ्या भिंतीशी उभ्या होत्या. ज्यांच्या घरातले अडगळीचे सामान कमी झाले, त्यांच्याच खांद्यांवर शाली पडत होत्या. माझ्याही खांद्यावर एक पडली, निसरडी, चमकदार, अंगाला कुठेच न लागणारी. मग यंत्रांची पूजा झाली. ज्या बोटांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नसेल, ती बोटे गुलाबी रंगावर हळदकुंकू रेखत होती.

आईचे नाव पुकारून दिलेली मशीन जिच्या वाट्याला आली ती तिशीची, वाळक्या अंगाची बाई आपल्या जावेला घेऊन आली होती. तिने चाकावर हात ठेवला, जोर लावला. चाक जागचे हलले नाही.

“ताई, ही फिरंना.”

“अगं, आज खंडेनवमी!” अध्यक्षीणबाई हसल्या. “पूजा झालेलं यंत्र आज चालवायचं नसतं. उद्या घरी चालव.”

“रंगवल्यावर कुणी चालवून पाहिली?” मी विचारले.

“पेंटरने पाहिली असेल की. चला, फोटो! तू पायडलवर पाय ठेव गं.”

तिने पाय ठेवला, फोटो निघाला. मग ती हळूच म्हणाली, “हिचं हँडल कुठंय? ह्यो स्टँड मी कोपीवर कसा नेऊ?”

सभागृहाला कोपी ठाऊक नव्हती, म्हणून तिने समजावून सांगितले. दिवाळी झाली की त्यांची टोळी कोपरगावकडे ऊसतोडीला जाते, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहते. “यंदा माझं आपरेशन झालंय. मोळी उचलायची न्हाई म्हनलेत डाक्टर. मशीन संगं आसली तर कोपीवर बसून टोळीतल्या बायांचं शिवीन. न्हाई तर कोयता हायेच. ट्रॉलीत पोरं, शेरडं, भांडी. स्टँड कुठं घालू?”

“मग मशीन घरीच ठेव,” अध्यक्षीणबाईंनी तोडगा काढला, “परत आल्यावर शिव!” अर्धे वर्ष कुलूपबंद राहणाऱ्या घराला गुलाबी शोभा. मागून कुणीतरी पुटपुटले, “ह्यांना काहीही द्या, तक्रार आहेच.”

जाऊ फटकन वळली. “तक्रार न्हाई, बाई. तुमी घोडं दिलंय, पाय बांधून.”

दोघींना आणि स्टँडसकट त्या मशीनला मी टेम्पोत घालून घरी आणले. आईने चष्मा लावला, आपल्याच वस्तूकडे परक्यासारखे पाहिले आणि म्हणाली, “हिला हळद लावायची म्हणून नटवली की काय?” मग ती टाचणी घेऊन बसली. तेल सोडायच्या एकेका भोकात रंग भरून घट्ट झाला होता. टाचणीच्या टोकावर गुलाबी खपल्या येत होत्या, टर्पेंटाइनने डोळे चुरचुरत होते. स्टँडवरून उतरवून आम्ही मशीन बैठकीवर बसवली, हँडल लावले.

ती बाई हात मागे घेऊन बसली. “आजी, आज चालवायची न्हाई म्हनल्या त्या.”

“त्यांनी कधी चालवलीय, की त्यांना तिचा विसावा कळावा?” आई म्हणाली. “फिरव तू.”

कापड म्हणून आईने माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली. चाक आधी कुरकुरले, अडखळले, आणि मग ज्वारी ओतल्याचा तो आवाज खोलीभर सांडला. शालीवर सरळ शिवण उमटली. ती शाल त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. तीच मशीनभोवती गुंडाळून, बोचके मांडीवर घेऊन ती पाथर्डीच्या एसटीत बसली.

स्टँड मी दुसऱ्या दिवशी परत पाठवला. अध्यक्षीणबाई फोनवर दुखावलेल्या होत्या. “अहो, पण फोटोत तर तो आहे!” फोटोत तो आजही आहे. मंडळाच्या कार्यालयात, काचेच्या चौकटीत, त्या बाईचा पाय कधीच न हललेल्या पायडलवर ठेवलेला आहे.

दिवाळीनंतर कोपरगावकडून तिचा फोन आला. “आजी, कोयता न्हाई धरला. बाया उसात घालत्यात त्या शर्टांच्या फाटक्या बाह्या शिवते. फकस्त रंग आजून सुटतोय, कापडाला लागतोय. आक्खी टोळी गुलाबी झालीया बघा!”

आई कितीतरी वेळ हसत होती. अध्यक्षीणबाईंना मी हे अजून कळवलेले नाही. त्या लगेच बॅनर छापतील.