रुळावरची रेती

माझ्या सासऱ्यांनी जर्मनीहून आलेल्या इंजिनाला शिलाई मशीनचं तेल पाजलं, तेव्हा त्यांना अडवायची घरात कुणाची छाती झाली नाही. माझीसुद्धा नाही. आणि मी तर शाळेत पोरांना वीज शिकवत होते! आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

हे ऐंशी सालाच्या आसपासचं. आम्ही सानगडीला राहत होतो. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, छोट्या लाईनवर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर, रिटायर होऊन गावी आलेले. घरात त्यांनी लाल दाखवला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. धाकटा मुलगा, म्हणजे माझा दीर, मशीनचं काम शिकून जर्मनीला जायला निघाला तेव्हाही त्यांनी लाल दाखवला होता. तो थांबला नाही. निघायच्या दिवशी मामाजी खोलीतून बाहेरच आले नाहीत. आतूनच म्हणाले, "गेला तं वापस नोको येऊ."

त्याला पाच वर्षं झाली होती. भाऊजींची पत्रं माझ्या नवऱ्याच्या नावानं यायची. मी ती सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मामाजी उठून अंगणात जायचे. जायचे अंगणात, पण बसायचे नेमके खिडकीखाली. मीही मग आवाज जरा चढवायची.

त्या वर्षी पोळा झाल्यावर ओळखीच्या माणसाबरोबर एक खोकं आलं. पहिल्यांदाच त्यावर मामाजींचं नाव होतं. आत वीतभर लांबीचं काळंभोर इंजिन, लाल चाकं, दोन डबे, रुळांचे तुकडे आणि विजेवर चालवायचा ट्रान्सफॉर्मर. सोबत चिठ्ठी: "बाबा, हे तुमच्यासाठी. कसं चालते ते कळवा. दिवाळीत यायचं मनात आहे, पण तुमच्या हातचं पत्र आलं तरच येईन."

सासूबाईंनी लगेच पदर डोळ्याला लावला. "लिवा ना वो दोन ओळी."

"इंजन चालू दे आंधी," मामाजी म्हणाले. "मंग लिवतो."

झालं! म्हणजे आता पोरगा घरी येणार की नाही, ते त्या वीतभर इंजिनावर ठरणार होतं.

मधल्या खोलीत त्यांनी फळ्या टाकून गोल लाईन मांडली. त्या खोलीला ते शेड म्हणायला लागले. जुनी निळी टोपी घालून आत जायचे आणि आतून कडी लावायचे. पहिल्या दिवशी इंजिन अर्धा गोल गेलं, अडखळलं, थांबलं. "कोरडं आहे," असं म्हणून त्यांनी तेल दिलं, तेही थेंबभर नाही, चांगलं न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी चाकं जागच्या जागी फिरायला लागली, इंजिन पुढे सरकेना. तेव्हा त्यांनी वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर जे करेल तेच केलं. चाकं घसरली की रुळावर रेती टाकतात, खऱ्या इंजिनाला त्यासाठी रेतीची पेटीच असते. मामाजींनी नाल्यावरून रेती आणली, पिठाच्या चाळणीनं चाळली (सासूबाईंनी चाळणीसाठी दोन दिवस अबोला धरला) आणि चिमटी चिमटीनं सगळ्या रुळावर पेरली.

इंजिन जे मेलं ते मेलंच. मग पुन्हा तेल, पुन्हा रेती.

बाप रे बाप, ते दिवस! माणूस जेवेना. कुणी विचारलं की खेकसायचे, "इंजनच फेल आहे, माह्या हातात काय आहे?" त्यांच्या नोकरीत गाडी वाटेत बंद पडली की ड्रायव्हरला रिपोर्ट लिहावा लागे, काय बिघडलं आणि चूक कुणाची. मामाजी अभिमानानं सांगायचे की कोळशाची चूक लिहिली, फिटरची लिहिली, पाण्याची लिहिली, पण 'ड्रायव्हरची चूक' हे शब्द उभ्या जन्मात लिहिले नाहीत. असा माणूस पोराला कसा कळवणार, की तुझं खेळणं मला चालवता आलं नाही?

दसरा आठ दिवसांवर आला आणि भाऊजींचं दुसरं पत्र आलं. त्यात चारच ओळी. "बाबांचं उत्तर नाही. मी समजलो. तिकीट काढत नाही." सासूबाईंनी ते ऐकलं, उठल्या आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. चूल पेटलेली नव्हती. माझं डोकं सणकलं. एका चिमटीभर रेतीपायी हे घर असं बसून राहणार?

बाजाराचा दिवस होता. मामाजी थैली घेऊन बाहेर पडले तशी मी शाळेत गेले. प्रयोगशाळेतून बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी आणि स्पिरिटची बाटली मागून आणली आणि शेडमध्ये शिरले. ट्रान्सफॉर्मर ठीक होता. त्याच्या तारांना बल्ब लावला, लख्ख पेटला. तोच रुळांना लावला, पेटेना. बोटानं रूळ पुसून पाहिला, बोटावर काळा चिखल. मग इंजिन उलटं केलं, स्क्रू काढले. आत चाकांच्या दात्यांत रेती आणि तेल मिळून लापशी झाली होती. जुन्या टूथब्रशनं मी ती खरवडत बसले.

"कोनाले इचारून खोललं वं?"

मामाजी दारात उभे होते. पैशाचं पाकीट घरी विसरले म्हणून परत आले होते.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण चुलीपुढे बसलेल्या सासूबाई डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. "कोणालेच नाही," मी म्हटलं. "मामाजी, या इंजनाले रेती नाही लागत!"

"मले शिकवून राहिली का तू? तीस वर्षं इंजन चालवलं मी!"

"ते कोळशाचं होतं! हे बघा, इकडं या." मी बल्बच्या वायरी रुळांवर ठेवल्या. अंधार. मग फडकं स्पिरिटमध्ये बुडवून दोन्ही रूळ हातभर पुसले आणि पुन्हा वायरी ठेवल्या. बल्ब पेटला. "याची वाफ बॉयलरमधून नाही येत, मामाजी. रुळातून येते. चाकांतून वर चढते. तुम्ही नळीतच रेती भरली."

ते आत आले, बल्बावर वाकले. आता बाटली फेकतात की मला, असं मनात आलं. त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि मांडी घालून बसले.

"आण फडकं," ते म्हणाले. "रेल्वेत मी इंजन पुसनारा क्लीनर म्हणूनच लागलो होतो."

सगळा गोल त्यांनी एकट्यानं पुसला, एकेक सांधा, एकेक रूळ, मला हातही लावू दिला नाही. ढिले सांधे चिमट्यानं दाबले. मी इंजिन जोडून रुळावर ठेवलं. "तुम्ही फिरवा बटन," मी म्हटलं. त्यांनी फिरवलं. इंजिन हललं, डबे ओढायला लागलं, ज्या जागी पहिल्या दिवशी अडलं होतं ती जागा ओलांडून पुढे गेलं आणि गोल पूर्ण केला. मग दुसरा केला. तिसऱ्याला सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. मलाही रडू आलं, ते का लपवू?

"कागद दे," ते म्हणाले.

लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाकिटावर जर्मनीचा पत्ता घालायला त्यांनी ते पत्र माझ्याकडे दिलं. रेल्वेच्या रिपोर्टासारखंच लिहिलं होतं, एकाखाली एक.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं वं? इंजनाचंच लिवलं असन."

मी मोठ्यानं वाचलं. "गाडी पाच वर्षं बंद होती. इंजन चांगलं होतं. चूक ड्रायव्हरची. आता लाईन क्लिअर आहे. येजो."

मामाजी अंगणात गेले होते, खिडकीखाली.

"अखीन वाच," सासूबाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं, आवाज जरा चढवून.