परदेशी लायसन्स आणि आधीच वाटलेले पेढे

भाची परदेशातून पायलटचं लायसन्स घेऊन परतली, तोवर माझ्या भावानं गंगापुरात पेढे वाटून टाकले होते. चौकात फ्लेक्सही लागला होता: वर विमान, मधे ती, खाली झाडून सगळे भाऊबंद. मग कळलं की ते लायसन्स इथं तसंच चालत नाही. इथले पेपर द्यायचे, वैद्यकीय तपासणी करायची, परीक्षकाला विमान चालवून दाखवायचं.

"तिकडचं आभाळ येगळं हाय का?" भाऊ माझ्यावरच ओरडला. "आता काय फ्लेक्स उतरवू?"

फ्लेक्स राहिला. पोरगी माझ्याकडं शहरात, औरंगपुऱ्यात आली. गावात सांगितलं, ड्यूटी सुरू झाली. मी लगेच घडी बसवून दिली: सकाळी हवामान, दुपारी नियम, आणि गॅलरीत अजिबात जायचं नाही, कारण निम्मं गंगापूर खरेदीला आमच्याच गल्लीत येतं.

नियमांच्या पेपरात ती नापास झाली.

"आत्या, तिकडचे नियम डोक्यातून जातच नाहीत. पप्पांना कोणत्या तोंडानं सांगू?"

तिनं सांगितलं नाही. मीही नाही. आणि एका दुपारी भावाच्या शेजारच्या काकू लग्नाचा बस्ता बांधून थेट दारात. भाची गाऊनमध्ये, मांडीवर पुस्तक.

"अगं बया! तुझा बाप तर म्हणला दिल्लीला गेली!"

"आली की परत," मी म्हणाले. "विमानाला कितीसा वेळ लागतो?"

भाचीनं पुस्तक मिटलं. "काकू, मी नापास झालेय. इथलं लायसन्स नाही अजून माझ्याकडं."

काकूंनी आधी दार लोटलं, मग आवाज खाली आणला. "आमचा डॉक्टर तरी कुठं पास झालाय? तिकडून शिकून आला, आम्ही पेढे वाटले, अन् इथली परीक्षा दोनदा हुकली. खुलताबादला मावशीकडं बसवलाय अभ्यासाला. गावात सांगितलंय, मोठ्या दवाखान्यात हाय."

भाची इतकी हसली की काकूही हसू लागल्या. निघताना मात्र गंभीर झाल्या.

"तुझ्या बापाला बोलू नको हं. सणाला आमचा पोरगा आला तवा तुझ्या बापानं गुडघे दाखवलेत त्याला. औषध लई मानवलंय म्हणतो."

काकू जिना उतरेपर्यंत भाचीनं फोन लावला होता.

"पप्पा, मी नापास झाले. आणि ते गुडघ्याचं औषध आधी बंद करा."

पलीकडून भावाचा आवाज मलाही ऐकू आला.

"का? काय झालं औषधाला?"