पांजऱ्यापुढचं वळण

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच घरातले देवांचे टाक-अंगारे प्रवरेत सोडून दिले. बावीस प्रतिज्ञा पाठ करतच आम्ही मोठे झालो. कुणी अंगात आलं म्हणालं की माझी आई म्हणायची, "तिला आधी पोटभर जेवू घाला." अशा घरातली मी... आणि आज तुमच्यापुढं हे लिहायला बसलेय.

आम्ही संगमनेरला राहतो. माझे मालक दुधाचा टेम्पो चालवायचे. अकोले, राजूर, भंडारदरा अशी त्यांची लाईन होती, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं मी शेजारी बसून तो सगळा मुलूख पाहिला. मालक गेले. पोरगी संगीता, शाळेत शिक्षिका, तिनं मोटरसायकल घेतली. रविवारी पाच गाड्यांचा ग्रुप डोंगरात निघायचा आणि प्लॅन माझा असायचा! सातवी शिकलेली बाई मी, पण वहीत सगळं लिहून ठेवायचे. पेट्रोल कुठं, रस्ता कुठं खचलाय, बायामाणसांना आडोसा कुठं मिळेल, अंधाराच्या आत घरी यायचं तर किती वाजता मागं फिरायचं. पोरं म्हणायची, "मावशी, तुमच्यापुढं मोबाईलचा मॅप पाणी भरतोय."

मी पुढच्या गाडीवर बसायचे, सलीमभाईंच्या मागं. त्यांचं गॅरेज आहे, स्वभाव एकदम थंड. सगळ्यात शेवटी संगीता, कारण तिचा हात पक्का. नियम माझाच होता. मोठं वळण आलं की पुढच्यानं थांबायचं. मागचे सगळे आले की शेवटच्यानं डावा हात सरळ वर करायचा, म्हणजे कुणी राहिलं नाही. मग मी तसाच हात वर करायचा आणि निघायचं. बोटं हलवायची नाहीत, बोलवायचं नाही. घाटात अर्धवट खुणेनं माणूस मरतो, असं मालक म्हणायचे.

त्या दिवशी भंडारदऱ्याच्या धरणाकाठी पांजरे गावात सगळ्यांनी चहा घेतला. सकाळचे अकरा वाजले असतील. सोनकीची पिवळी फुलं नुकती फुलायला लागली होती. धरणाकडून धुकं चढत होतं. संगीता म्हणाली, "आई, तुझा पिवळा रेनकोट बरा, धुक्यात दिव्यासारखा दिसतो." मी म्हणाले, "मग दिव्याच्या मागं मागं ये, लई शहाणपणा करू नको."

पांजरे सोडलं आणि पहिल्याच वळणावर धुकं असं दाटलं की सलीमभाईंचं हेल्मेट तेवढं मला दिसत होतं. आम्ही थांबलो. मागून दिवे आले... एक, दोन, तीन, चार. शेवटच्या दिव्यामागं हात सरळ वर झालेला अंधुक दिसला. मी वर केला. निघालो. दुसऱ्या वळणावर तेच, तिसऱ्यावरही तेच.

घाटघरच्या कड्यापाशी आम्ही गाडी लावली. मागून तीन आल्या. चौथीचं इंजिन ऐकू येत होतं, जवळ आलं, अगदी दहा पावलांवर... आणि बंद झालं. आम्ही वाट बघतोय, गाडी काही येईना. सलीमभाई चालत मागं गेले नि परत आले. "मावशी, रस्ता मोकळा हाय."

संगीताच्या पुढच्या गाडीवर ग्रुपमधले वाघचौरे सर होते. ते घाबरून म्हणाले, "अहो, ती मागंच होती! माझ्या आरशात दिवा सारखा दिसत होता."

मागं फिरलो. सलीमभाईंच्या खांद्यावर माझी बोटं रुतली होती. वाटेत कुणी नाही. पांजऱ्याजवळच्या त्या पहिल्या वळणापर्यंत आलो तेव्हा ती दिसली. कठडा ढासळला होता तिथं तिच्या गाडीचं पुढचं चाक दरीवर लोंबत होतं. ती मागचं चाक दोन्ही हातांनी धरून रस्त्यावर बसलेली. मी उतरून धावले, तशी ती किंचाळली.

"जवळ येऊ नको!"

"संगे, अगं मी हाय..."

"नको! सलीमभाई, तिला थांबवा!"

पोटच्या पोरीनं मला बघून तोंड झाकलं हो. तेवढं कधी कुणाच्या वाट्याला येऊ नये. सलीमभाईंनी आधी गाडी ओढून घेतली, मग तिला पाणी पाजलं. तेव्हा कुठं ती बोलली. म्हणाली, "आई पुढं उभी होती. पिवळा रेनकोट, डोक्याला आईचाच लाल स्कार्फ. बोटांनी ये ये करत होती. मी गाडी तिकडंच घेतली. मग वाटलं, आई तर कधी बोटांनी बोलवत नाही... म्हणून ब्रेक दाबला."

ती बोलावणारी 'आई' उभी होती म्हणे त्या ठिकाणी जमीनच नव्हती.

म्हणजे पहिल्या वळणापासून संगीता आमच्यात नव्हतीच. तरी तीन वळणांवर मी चार दिवे मोजले आणि तीनदा कुणीतरी हात सरळ वर केला. माझ्याच नियमानं. मी विश्वास ठेवून पोरीला मागं टाकून गेले.

वाघचौरे सर म्हणतात, इंद्रवज्र असेल, धुक्यावर आपलीच सावली पडते. पण त्याला पाठीशी ऊन लागतं, आणि त्या दिवशी ऊन कुठं होतं? सावलीला पिवळा रंग असतो का? आणि ते इंजिन? मी पांजऱ्यात विचारून आले. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "धुक्यात आमी बी न्हाई जात तिकडं." का ते तिनं सांगितलं नाही. मला अजून काही उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर लिहा, पण नुसता धीर द्यायला लिहू नका.

संगीता सुखरूप आहे, शाळेत जाते, हसते-बोलते. पण परवा मी ओट्याशी मेथी निवडत होते. ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"आई, लहानपणी माझी कुठली करंगळी मोडली होती?"

"डावी. झोक्यावरून पडलीस. का गं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग "काही नाही" म्हणाली, आत आली आणि माझ्याशेजारी बसून मेथी निवडायला लागली.

दर दोन-चार दिवसांनी असं काहीतरी विचारते. माझं वय झालंय हो. एखाद्या दिवशी मला आठवलं नाही, तर ती कुणाला बघून पळेल?