तिसऱ्यांदा कापण्याआधी

बाईंची जखम मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तासाभरात त्यांना ऑपरेशनला न्यायचं होतं. निफाडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका; आमवातानं हातांची बोटं वाकडी झालेली. महिन्यापूर्वी नडगीवर पुळी आली, फुटली आणि तळहाताएवढी जखम झाली. नाशिकच्या आमच्या रुग्णालयात सर्जननी सडलेला भाग दोनदा कापून काढला होता. मला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून फक्त मत विचारलं होतं.

जखमेची कड जांभळी, आतून पोखरलेली.

"साफ केल्यावर बरं वाटलं का?" मी विचारलं.

उत्तर शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं दिलं. "नाय ना मॅडम! कापलं की दोन दिवसांत अजून पसरतं. आणि हे बघा, सलाईनची सुई टोचली तिथंबी फोड आलाय."

मनगटावरचा तो फोड मी निरखून पाहिला. हा जंतुसंसर्ग नव्हता. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते, आणि कापलं की जखम आणखी पेटते, असा हा आजार. आमवाताच्या रुग्णांत क्वचित होतो. मी तो एकदाच पाहिला होता.

सर्जन माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते चिडले. "एवढी चिघळलेली जखम, आणि तुम्ही प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड द्यायला निघालात? संसर्ग निघाला तर बाई हातच्या जातील."

"दोन्ही वेळच्या तपासणीत जंतू सापडलेले नाहीत, सर. चार दिवस द्या."

"दोन देतो. जबाबदारी तुमची, तसं केसपेपरवर लिहा."

मी लिहिलं. जखमेच्या कडेनं पेनानं रेघ आखली आणि औषध सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला. रक्त तपासायला पाठवलं, पण औषध थांबवावं की नाही, ते ठरवता येईना. तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ठणका जरा कमी वाटतोय."

तेवढ्यावर मी औषध चालू ठेवलं. संध्याकाळी ताप उतरला. रक्तात काही निघालं नाही; तो कशानं आला होता, ते आजही मला ठाऊक नाही.

तिसऱ्या सकाळी सर्जननी स्वतः ड्रेसिंग उघडलं. जांभळी कड रेघेपुढे सरकली नव्हती. त्यांनी वाकून कड चहूबाजूंनी तपासली. मग नर्सला म्हणाले, "ऑपरेशन रद्द. कुणीही खरवडायचं नाही."

जखम भरायला पाच महिने लागले. मध्येच स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर वाढली, औषधं बदलावी लागली. पण बाई शेवटच्या तपासणीला स्वतःच्या पायांनी जिना चढून आल्या.