अडकलेलं झाकण

आज जेवायला डबा उघडला आणि शेपूच्या वासासरशी मी थेट हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत जाऊन पोचले.

आमच्या ख्रिस्ती घरात प्रार्थनेशिवाय कुणी पहिला घास घेत नाही. ऑफिसात मात्र चारचौघांत हात जोडायची मला भीती वाटायची. कोण काय विचारेल, कोण हसेल! म्हणून मी रोज डब्याचं झाकण अडकल्याचं नाटक करायची. त्याच्याशी झटापट करत मान खाली घालायची आणि तेवढ्यात मनातल्या मनात प्रार्थना उरकायची.

एकदा माझी प्रार्थना अर्ध्यावर असतानाच शेजारच्या जोशीबाईंनी हातातला डबा काढून घेतला आणि झाकण एका बोटानं उघडलं. शेपूचा वास टेबलभर पसरला.

“अहो, हे तर सैल आहे. रोज करता काय तुम्ही?”

माझे कान तापले. “प्रार्थना करते,” मी कसंबसं म्हटलं. तेव्हा पकडले गेल्यासारखं वाटलं होतं. आता आठवलं की सुटल्यासारखं वाटतं.

बाईंनी झाकण परत लावून डबा माझ्यापुढे ठेवला. “मग सरळ करा की. आम्हाला वाटलं, घरी दुसरा डबा नाही.” समोर देशमुखांचा घास तोंडाशी पोचला होता. त्यांना बाई म्हणाल्या, “थांबा हो जरा. दोन मिनिटांत उपाशी मरत नाही.”

सगळे थांबले. मी डोळे मिटून हात जोडले. त्या ऑफिसात पहिल्यांदाच मला आमेनपर्यंत पोचायची घाई नव्हती.

“झालं?” जोशीबाईंनी विचारलं. “आता ती भाजी सरकवा इकडे.”