आजारी कोणाला म्हणायचं

आशा सेविका म्हणून काम करतेय त्याला बरीच वर्षं झाली, आणि जीभ तिखट म्हणून मी सगळीकडे बदनाम आहे. पण त्या दिवशी चूक माझी होती, ते आधीच सांगते.

पनवेलजवळच्या कोन गावाच्या बाजूला टॉवर भराभर उठत होते. नवा दवाखाना कुठे हवा, हे ठरवायला घरोघरी पाहणी चालली होती. माझ्या वाट्याला एका टॉवरमागच्या पत्र्याच्या खोल्या आल्या. बांधकामावर आलेली कातकरी कुटुंबं तिथे राहायची. दारात उभं राहायचं, "घरात कोणी आजारी?" विचारायचं, की पुढचं दार.

शेवटच्या खोलीत एक पोटुशी बाई भाकऱ्या थापत होती. हसून म्हणाली, "नाय बाय, कोनी आजारी नाय." मी फॉर्मवर शून्य टाकलं. वळता वळता सहज नजर खाली गेली, तर पाय टम्म सुजलेले, नवऱ्याच्या चपलेतही मावत नव्हते.

"अगं बाई! हे कधीपासून?"

"झालं चार-पाच दिस."

"डोकं दुखतं?"

"दुखतं ना. डोल्यांपुढं काजवं पन येतात."

"मग आजारी नाही म्हणून काय सांगतेस मला?"

वेडी मीच, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. "रोज कामावर जाते मी. आजारी म्हंजे हातरुनातून उठत नाय तो."

पिशवीतलं मशीन काढून दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून पुन्हा एकदा मोजलं, तोच आला. आठव्या महिन्यात एवढं बीपी म्हणजे कधीही झटके येणार, आई जाणार आणि बाळही.

गाडी बोलावली. ड्रायव्हर फोनवर पत्ता विचारतो. पत्ता कसला डोंबलाचा! मागच्या रस्त्यावर खडीचे ढीग, म्हणून टॉवरच्या फाटकातून ये म्हटलं, तर वॉचमन अडून बसला. सेक्रेटरी साहेबांना विचारावं लागेल म्हणे.

"विचार! आणि तोवर ही गेली, तर खांदा द्यायलाही त्यांनाच बोलाव!"

फाटक उघडलं. तिला चढवतोय तोच तिचे डोळे फिरले, अंग ताठ झालं. मी तिला कुशीवर वळवलं. पनवेल येईपर्यंत मी कामावरून धावत आलेल्या तिच्या नवऱ्याला एवढंच ओरडून सांगत होते, "धर तिला, पडू देऊ नको."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दोघंही वाचली, बाळ काचेच्या पेटीत आहे म्हणाल्या. नवरा माझ्या पाया पडायला वाकला आणि मला रडूच कोसळलं. आदल्या दिवशीची साइट आठवली होती. तिथेही अशीच एक पोटुशी बाई, कपाळाला फडकं आवळून बसलेली. मी विचारलं, ती "नाय" म्हणाली, आणि मी निघून आले होते.

उजाडताच तिथे धावले. पत्रे उतरवलेले.

मुकादम म्हणाला, "काम संपलं. काल दुपारीच टेम्पो भरून गेले."

"कुठे?"

"ठेकेदाराला ठाऊक."

ठेकेदार फोन उचलेना. आठवडाभर मी खारघरपर्यंतच्या साइटी पालथ्या घातल्या. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. मग काय विचारणार? "कपाळाला फडकं बांधलेली पोटुशी बाई इथे आलीय का?" दर ठिकाणी कोणीतरी हात करून दाखवायचं, "ती काय, तिकडं." मी धावत जायचे, आणि ती दुसरीच निघायची.